महागडं भिंग आणि ताईचा चेहरा

सोमवारी सकाळी ताई मामांच्या दुकानात आली, काउंटरला कोपर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुवारी माझा डावा जबडा काढतायत. गाठ हाडात शिरलीय म्हणे. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण चेहरा असाच राहील असं काही सांगता येत नाही. तर त्याआधी मला ह्या चेहऱ्याचा एक फोटो हवाय. नीट. माझा वाटेल असा."

एवढं बोलून तिनं काउंटरवरचं टेबलाचं घड्याळ उचललं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, काटा दोन मिनिटं पुढे केला आणि परत जागेवर ठेवलं.

मामांचा उजवा हात काउंटरवर होता. तो त्यांनी हळूच खाली घेऊन खिशात घातला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. गावात तिला घड्याळवाली म्हणतात. बाजाराच्या टोकाला तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काचेची पेटी आणि तिच्यामागे एक बाई. मामा हे गावातले एकुलते एक फोटोवाले. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला सोडलं नाही. लग्नाची मुलं, परीक्षेची मुलं, पेन्शनीचे म्हातारे, घर सोडून निघालेले, घरी परत आलेले, सगळे त्या स्टुलावर बसून गेले. बसली नव्हती ती एकटी ताई. "मला काय करायचाय फोटो? आरसा आहे की घरात," असं म्हणून तिनं एकतीस वर्षं टोलवलं. आणि आता हातात तीन दिवस होते.

मामांचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधे राहून गेलेली फट. एका बाजूला शिंप्यानं भिंत बांधली, दुसऱ्या बाजूला बियाणांच्या दुकानदारानं, आणि मधे जे कुणालाच नको होतं ते मामांना मिळालं. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. लांबी मात्र भरपूर. आत शिरलं की आधी काउंटर, मग मामींचं प्रिंट कापायचं टेबल, मग जाड निळा पडदा, आणि पडद्यामागे पार शेवटी उत्तरेकडची एक उंच खिडकी. तिच्याखाली स्टूल. त्या खिडकीतून ऊन कधी येत नाही. येतो तो नुसता उजेड, कुठूनही न आल्यासारखा, कुठेही न जाणारा. दुपारी बसा, सकाळी बसा, त्या स्टुलावर नेहमी एकच वेळ असते. मशीनचा आवाज शिंप्याकडून भिंतीतून येतो, पण तोही लांबच्या पाण्यासारखा.

तिथे कॅमेऱ्याचा स्टँड उभा राहत नाही. तीन पाय उघडले की माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून मामांनी जन्मभर कॅमेरा हातातच धरला. आणि हातात धरलेला कॅमेरा हलतो. माणूस कितीही दगडासारखा उभा राहिला तरी छाती हलते, छातीमागून खांदा, खांद्यामागून बोट. खिडकीचा उजेड मंद असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात केसभर जरी हात हलला तरी पापण्या पुसट होतात.

ह्यावरचा उपाय मामांना दाजींनी शिकवला होता. दाजी म्हणजे ताईचे यजमान, मूळचे घड्याळवाले तेच. मामा एकोणिसाव्या वर्षी बहिणीकडे राहायला आले, भाच्याला कडेवर घेऊन गावभर फिरले आणि त्या एका पोराचे मामा होते ते सगळ्या गावाचे मामा झाले. पोरगा पुढे शिकून परदेशी गेला. नाव मात्र मामांना कायमचं चिकटलं. तर तेव्हा ते दाजींच्या शेजारी तासन् तास बसत. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून दाजी ती जागेवर ठेवत, आणि ठेवताना एक गोष्ट करत. श्वास सोडत.

"धरायचा नाही," दाजी सांगत. "लोक श्वास धरतात आणि फसतात. धरलेला श्वास आत धडका मारतो. सोडायचा. सगळा सोडून झाला की पुढचा घ्यायच्या आधी तळाशी एक जागा लागते. तिथे काहीच चाललेलं नसतं. जे काय करायचं ते तिथे."

दाजी अचानक गेले. त्यांच्या खुर्चीत ताई बसली आणि त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग तिनं आपल्या डोळ्याला लावलं. मामांनी कॅमेरा घेतला. तळाची ती जागा दोघांनी वाटून घेतली असं म्हणा ना.

फोटो काढताना मामा मोठ्यानं म्हणत, "घ्या... सोडा..." खरं म्हणजे हे ते स्वतःलाच सांगत असत, आपल्या हाताला. पण समोर बसलेल्याला वाटे, आपल्यालाच सांगतायत. तोही घेई, तोही सोडी. आणि सोडून झाल्यावर त्या न हलणाऱ्या उजेडात दोघं क्षणभर कुठेच नसत. मग बटणाचा बारीकसा आवाज येई. आमच्यापैकी जो कुणी त्या स्टुलावर बसलाय त्याला ते आठवतं. डुलकी लागता लागता कुणीतरी हलकेच हाक मारावी तसं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मामांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी बशीतला कप वाजला. मामींनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहा पेल्यात द्यायला लागल्या, बशीशिवाय. बोलल्या काही नाहीत. मग सरकारी कचेरीतून दोन फोटो परत आले. पाठीवर शिक्का: अस्पष्ट, नवीन जोडा. मग आणखी पाच. मामांच्या नाकावर कधी माशी बसलेली नव्हती. ते म्हणाले, "भिंगाला बुरशी धरलीय." भिंग वीस वर्षांचं होतं आणि त्याच्या कडेला बुरशीचा एक ठिपकाही होता, हे खरं. पण तो ठिपका दहा वर्षांपासून तिथेच होता.

शहरातल्या लेकीला फोनवर हे कळलं. ती कधी उगाच बोलत नाही. पंधरा दिवसांनी एक खोकं आलं आणि खोक्यामागून फोन.

"बाबा, उघडलंत का?"

"उघडलं. अगं, हे केवढं जड! भिंग आहे की वरवंटा?"

"आमच्या ऑफिसात एक जण फोटो काढतो, त्याला विचारून घेतलंय. सगळ्यात वरचं आहे. त्याच्या आत काहीतरी तरंगतं, ते हाताचं हलणं खाऊन टाकतं. आणि उजेड कमी असला तरी भराभर फोटो निघतो."

"माझ्या हाताला काय झालंय खायला?"

"काही नाही झालं, बाबा. तरी वापरा."

मामांनी खोकं आठ दिवस तसंच ठेवलं. जन्मभर ते सांगत आले होते, महागडं भिंग हे हौशी लोकांचं खेळणं. हातात धरून काढायचा तर हात पाहिजे, काच कुठलीही असो. आता ते भिंग लावायचं म्हणजे स्वतःचं बोलणं स्वतःच गिळायचं. नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं, आधी परीक्षा घेऊ. शेजारच्या शिंप्याला बसवलं, एकदा जुन्या भिंगानं, एकदा नव्या. हात त्या दिवशी बरा होता. दोन्ही वेळा तेच "घ्या, सोडा". मामींनी दोन्ही प्रिंट सारख्या मापाचे कापले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. कुठला कुठल्या भिंगाचा, ते मागच्या बाजूला लिहिलेलं.

सबंध सकाळ येणाराजाणारा त्यावर अक्कल पाजळत होता.

"हा नवा. ह्यात शिंपीमास्तर देखणे दिसतायत."

"मग तो जुना असणार. खोटं भिंगच मास्तरांना देखणं करील."

"माझ्या मिशीवर जाऊ नका," शिंपी म्हणाला. "मामा, खरं सांगा, ह्यात फरक आहे तरी का? मला तर दोन्हीत मीच दिसतोय, आणि दोन्हीत सदऱ्याची कॉलर तिरकी. लोकांचे कपडे शिवतो, स्वतःची कॉलर बघा!"

पोस्टमननं चष्मा वर करून पाहिलं आणि चुकीचा ओळखला. बियाणांच्या दुकानदारानं चुकीचा ओळखला. दुपारपर्यंत निम्मे बरोबर, निम्मे चूक, म्हणजे कुणालाच कळत नव्हतं. मामा खूश झाले. "बघितलंस?" ते मामींना म्हणाले. "बोटाएवढ्या फोटोत काय दिसणार? भिंत भरेल एवढा मोठा करा, मग कोपऱ्यात फरक दिसेल. आणि कोपऱ्यात कोण बसतं?"

मामींनी दोन्ही प्रिंट उलटे करून गठ्ठ्यात टाकले. "पण उद्या हात बरा नसला तर?" त्या म्हणाल्या. आवाज इतका साधा होता की मामांना रागावताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हात बरा नव्हता. नवं भिंग लागलं.

आणि काय सांगावं, त्या भिंगानं खरंच जादू केली. हात हलतोय, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत चित्र मात्र स्थिर, जणू कुणी खालून तळहातावर धरलंय. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. कचेरीतून एकही फोटो परत येईना. मामा तरुणासारखे चालायला लागले. आता तळाशी जाऊन थांबायची गरजच उरली नव्हती. माणूस बसला की बटण दाबायचं, झालं. "घ्या, सोडा" हे कुठल्या दिवशी बंद पडलं ते त्यांनाही कळलं नाही. थंडी संपल्यावर एक दिवस आपण शाल घेतलेली नाही हे उशिरा लक्षात येतं, तसंच.

लोक फोटो घेऊन जात. जाताना एखादा म्हणे, "छान आलाय, पण मी जरा चिडल्यासारखा दिसतोय का?" एखादी म्हणे, "आमच्या सासूबाईंसारखी दिसायला लागले की मी!" मामा हसत. "महागडं भिंग आहे, बाई. ते खोटं नाही बोलत."

असं सगळं चाललं असताना तो सोमवार आला, आणि ताई काउंटरला टेकली.

पहिला फोटो त्यांनी त्याच सकाळी काढला. ताई पडद्यामागे गेली, स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले. मामांनी नवं भिंग लावलेलाच कॅमेरा उचलला. उजेड चांगला होता. चार फोटो काढले, चारही आरशासारखे लख्ख. मामींनी प्रिंट मोठा केला, वहीच्या पानाएवढा.

ताईनं तो खिडकीशी नेऊन पाहिला. मग पर्समधून आपलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि घड्याळाचं पोट तपासावं तसा सबंध चेहरा तपासला. कानाजवळची शीर, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण, डाव्या गालाखाली नुकतीच वर आलेली सूज. सगळं होतं.

"ही कोण?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? तूच."

"सगळं माझंच आहे रे. पण ही बाई रांगेत उभी आहे. हिचा नंबर कधी लागतोय ह्याची वाट बघतेय." तिनं प्रिंट काउंटरवर ठेवला. "मला अशी नको ठेवायला. दुसरा काढ."

मामांना ते लागलं. "ताई, ह्याच्यापेक्षा स्पष्ट फोटो ह्या गावात कुणाचा निघालेला नाही. घाबरलेली असशील तू, तर भिंग काय करील?"

"घाबरलेय तर," ताई म्हणाली. "जबडा काढतायत, नख नाही. पण मी सकाळी आरशात बघते तेव्हा पण घाबरलेलीच असते, आणि तिथे मी दिसते."

मामांनी प्रिंट उचलून मामींच्या टेबलावर ठेवला.

मंगळवारी त्यांनी कॅमेऱ्याला पुन्हा जुनं भिंग लावलं. रात्रभर त्यांच्या मनात बसलं होतं की दोष नव्या काचेचाच. फार टोकदार, फार निष्ठुर. जुनीत माया होती. ताई आली, बसली. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सगळं लक्ष हाताला सांभाळण्यात गेलं. ओठ घट्ट मिटून, कोपरं बरगड्यांत रुतवून, श्वास कोंडून, एकामागून एक वीस फोटो काढले. वीसही पुसट. एकात ताईला दोन नाकं, एकात डोळ्यांच्या जागी नुसता धूर.

ताई ते बघून हसली. "ह्यात तर मी आधीच गेलेली दिसतेय."

"असं बोलू नकोस!"

"बरं, नाही बोलत. उद्या दुपारच्या बसनं निघायचंय. पोरगा विमानतळावरून थेट हॉस्पिटलात येतोय. सकाळी परत येईन. नाही जमलं तर नाही जमलं, जिवाला लावून घेऊ नको." दारात थांबून ती म्हणाली, "तुझा हात मला महिनाभरापूर्वीच दिसला होता. घड्याळवालीपासून कुठे लपवतोस?"

ती गेली. मामा स्टुलावर जाऊन बसले, गिऱ्हाईक बसतं तसे. भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन चालत होतं, थांबत होतं, चालत होतं. त्यांना वाटलं, आपण बसलोय आणि समोर कुणीच नाही कॅमेरा धरायला. ताईचा चेहरा असा वाहत चाललाय, आणि आपल्या हातात दोन भांडी आहेत: एक गळकं, आणि दुसऱ्यात पाणी राहतं पण ते पाणी तिचं नाही.

संध्याकाळच्या उजेडात मामी प्रिंट कापत होत्या. एकतीस वर्षं ह्या गावाच्या चेहऱ्यांच्या कडा त्यांनी कापल्या. कुणाचा फोटो कसा आला ह्यावर त्यांनी कधी मत दिलं नाही. मत द्यायला मामा होते. पण मामींनी आज एक वेगळंच काम मांडलं होतं. कपाटातून जुने न नेलेले प्रिंट काढून एका रांगेत लावले होते, आणि खाली गेल्या महिन्यातल्या नव्यांची रांग. आणि प्रत्येक फोटोवर कागदाची पट्टी ठेवून चेहरे झाकून टाकले होते. उरले होते ते फक्त गळे आणि खांदे.

"अहो, जरा इकडे या."

मामा आले.

"हे खांदे बघा, जुने. आणि हे बघा, नवे."

वरच्या रांगेत सगळे खांदे उतरलेले होते, ओझं खाली ठेवल्यावर उतरतात तसे. कॉलर सैल, गळ्याच्या शिरा निवांत. खालच्या रांगेत एक न् एक खांदा कानाकडे चढलेला. सगळ्यात शेवटी सोमवारची ताई होती. तिचे तर सगळ्यात वर.

"भिंग खांदे उचलतं का हो?" मामींनी विचारलं.

मामांनी दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नाही. भिंग कसं उचलेल?"

"तेच म्हणते मी. मग कोण उचलतं?"

पलीकडचं मशीन थांबलं. मामांनी नकळत एक श्वास घेतला आणि सोडला, आणि सोडता सोडता त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याचे खांदे खाली आले. मामींनी ते पाहिलं. दोघांनीही पाहिलं.

"अगं," मामा हळूच म्हणाले, "मी ते माझ्या हातासाठी म्हणत होतो."

"हो ना. पण ऐकत ते सगळे होते."

बुधवारी सकाळी नदीकडून धुकं आलं. आमच्याकडे धुकं येतं ते पाहुण्यासारखं दारात थांबत नाही, थेट घरात शिरतं. बाजार नव्हता, रस्ता नव्हता, दुकानांच्या पाट्या हवेत तरंगत होत्या. ताई आली तेव्हा तिच्या केसांवर बारीक थेंब होते. उत्तरेच्या खिडकीत नुसता राखाडी कापूस भरलेला. असा मंद उजेड मामांनी त्या खिडकीत क्वचितच पाहिला होता.

"आज तर काहीच दिसायचं नाही," ताई म्हणाली.

"दिसेल," मामा म्हणाले. त्यांनी नवं भिंग लावलं. जुन्या भिंगाला ह्या उजेडात आणि ह्या हातात काहीच जमलं नसतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. आणि कबूल केल्यावर कॅमेरा जरा हलका वाटला. "ताई, आज मी तुला दाजींचं काम लावणार आहे. स्प्रिंग बसवतेस असं समज."

"चिमटा कुठेय?"

"चिमटा नाही. नुसतं तळाशी जायचं."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला पुढे सांगावं लागलं नाही.

"घे," मामा म्हणाले. "सोड."

दोघांनी सोडला. मामांनी बटण दाबलं नाही.

"घे. सोड."

धुकं खिडकीच्या काचेला टेकून उभं होतं. दुसऱ्या श्वासाला ताईचे हात मांडीवर उघडले. तिसऱ्याला तिच्या कपाळावरचं काहीतरी निघून गेलं. सुरकुती नव्हे, सुरकुती जागेवरच होती, तिच्यातलं काहीतरी. चौथ्याला मामांना वाटलं की आपण एकोणीस वर्षांचे आहोत, दाजी टेबलाशी वाकलेत, ताई चहा घेऊन दारात उभी आहे आणि स्प्रिंग बसेपर्यंत आत यायला घाबरतेय. इतकी शांत उभी आहे की चहावरची वाफसुद्धा सरळ वर जातेय. मामांचा हात थरथरत होता. भिंगाच्या आत जे काही तरंगत होतं ते ते थरथरणं निमूटपणे पिऊन घेत होतं. मामांना पहिल्यांदाच त्या काचेबद्दल माया वाटली. कुणीतरी काही न विचारता आपलं ओझं एका बाजूनं धरावं तशी.

"घे," ते म्हणाले. आवाज आता इतका बारीक होता की पडद्याबाहेर मामींना ऐकू गेला नाही. "सोड."

ताईनं सोडला. खांदे खाली आले, आणखी खाली आले. श्वास संपला, आणि पुढचा यायला निघाला नव्हता. तिथे ती होती. भ्यालेलीच होती, पण भीती मांडीवर बसलेल्या मांजरासारखी होती, आणि ताई तिला हाकलत नव्हती.

बटणाचा बारीक आवाज आला.

"झालं?" ताईनं डोळे न हलवता विचारलं.

"झालं."

"एकच?"

"एकच."

"माजलास," ताई म्हणाली, आणि मग दोघंही हसले, पण ते फोटोत नाही.

मामींनी प्रिंट काढला. ताईनं डोळ्याला भिंग लावलं नाही. हातभर लांब धरून पाहिला. गालाखालची सूज होती, व्रण होता, पापण्यांचे केस वेगळे वेगळे दिसत होते, आणि ह्या सगळ्याच्या मागून ती बघत होती, घाई नसलेली.

"हं," ती म्हणाली. "ही मी." मग विचारलं, "कुठल्या भिंगानं काढलास?"

"नव्या. लेकीच्या."

"बरं झालं तिनं पाठवलं," ताई म्हणाली. "नाहीतर आज नुसतं धुकंच निघालं असतं माझं."

मामांना त्यावर आपलं जुनं वाक्य बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. नंतर शिंप्यानं खोदून खोदून विचारलं, की मामा, एकदाचं सांगा, महागड्या भिंगानं फरक पडतो की नाही, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "हात हलत असेल तर पडतो. समोरच्या माणसात पडत नाही. तिथे आपल्यालाच जावं लागतं." आणि त्या दिवसापासून ते पुन्हा प्रत्येकाला "घ्या, सोडा" म्हणायला लागले, ह्या वेळी मुद्दाम, समोरच्यासाठी.

ताईनं फोटो बरोबर नेला नाही. "तिकडे उशाशी ठेवून बघत बसायला मी काय वेडी आहे?" म्हणाली. दुपारच्या बसमध्ये खिडकीशी बसली, आणि बस धुक्यात गेली.

सव्वीस दिवसांनी ती परत आली. गाल आत गेलेला, हनुवटी डावीकडे ओढलेली, कानापासून गळ्यापर्यंत शिवण. शब्द सावकाश यायचे आणि जरा ओले यायचे. मामा बसपाशी गेले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे, आणि मामांनी तिची पिशवी घेतली. पिशवी थरथरली. "उजव्या हातानं नको," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं आली, म्हणजे गाव आलं. घड्याळ पुढे करायचे आणि नजर कुठे ठेवावी हे कुणाला कळायचं नाही. कुणी तिच्या बोटांकडे बघे, कुणी काचेच्या पेटीकडे, कुणी चोरून गालाकडे आणि लगेच जमिनीकडे. दोन दिवस ताईनं सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मामांकडे आली, "दे तो फोटो," म्हणाली, घेऊन गेली, आणि आपल्या दुकानात, खुर्चीच्या अगदी वर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीला खिळा मारून लावला.

दुपारी बियाणांचा दुकानदार भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. समोर दोघी होत्या, वर एक आणि खाली एक. तो वरच्या ताईकडे बघत राहिला. मग खालच्या ताईकडे. मग पुन्हा वर. ताईनं हात आवरून त्याला हवा तेवढा वेळ दिला. त्याची नजर शेवटी खाली आली आणि तिच्या चेहऱ्यावर सरळ थांबली, न घसरता.

"बघून झालं?" ताईनं सावकाश विचारलं, आणि डोळ्याला भिंग लावलं. "द्या घड्याळ."